आजीने वाचलेलं पहिलं पुस्तक

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. सबमिशन झालं होतं, ओरल्स झाल्या होत्या, पेपर कसे गेले ते मात्र विचारू नका! हॉस्टेलची गादी गुंडाळून, मेसचं उरलेलं बिल चुकतं करून मी एकदाचा घरी पोचलो. घर म्हणजे हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम. कुणी विचारलं तर मी नुसतं 'बदलापूर' सांगतो. त्यावर समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे कर्जत लोकल ना?" झालं, आमच्या गावाची ओळख तिथेच संपते.

घरी पाहुणे होते. माझा आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, चार वर्षांनी मेलबर्नहून आला होता. परदेशातून माणूस आला की आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष त्याच्या बॅगेवर. मीही काही संतमहात्मा नाही. एखादं घड्याळ, निदान एक बरा हेडफोन... अशी माझी माफक आशा होती. बॅग उघडली. भाच्याला चॉकलेटं, आजीला गुडघ्याला लावायचं मलम, बाबांना टॉर्च, आणि माझ्या हातात एक जड पिशवी. आत पुस्तकं. एकूण सहा. त्यातली चार चक्क लहान मुलांची! त्यांतल्या एकावर दादाच्या मुलीने लाल खडूने गिरगटून ठेवलेलं.

माझा चेहरा बघून दादा हसला. म्हणाला, "दोन मोठी तुझी, चार छोटी तुझ्या भाच्याची. पण आधी सगळी तूच वाच. छोटी तर नक्की वाच."

मित्रांनो, खरं सांगतो, तोपर्यंत ऑस्ट्रेलियात पुस्तकं लिहितात हा विचारच माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. ऑस्ट्रेलिया म्हणजे ब्रॅडमन, वॉर्न आणि पाँटिंग. ऑस्ट्रेलिया म्हणजे पहाटे पाच वाजता लावलेला गजर आणि बॉक्सिंग डे टेस्ट. आणि थर्ड इयरला आल्यावर ऑस्ट्रेलिया म्हणजे पीटीई, आयईएलटीएस, एज्युकेशन लोन आणि 'पीआर किती पॉइंटला मिळते रे?' आमच्या विंगमधली निम्मी मुलं तिथे जायचं म्हणतात. पण तिथली माणसं आपापसात काय बोलतात, आपल्या पोरांना झोपताना कुठली गोष्ट सांगतात, हे कुणाच्या गावी नाही. माझ्याही नव्हतं.

गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियन पुस्तकं आपल्या हॉस्टेलमध्ये कधीचीच मुक्कामाला आहेत. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी सगळी पोरं जे 'बॉडी लँग्वेज' हातोहात फिरवतात (हाताची घडी घालू नका, नाकाला हात लावू नका वगैरे), ते लिहिणारा ॲलन पीझ ऑस्ट्रेलियन. पुस्तक १९८१ चं, म्हणजे आपल्या काही सरांच्या वयाचं. परीक्षेआधी ज्याच्यावर विसंबून काहीजण अभ्यासच करत नाहीत त्या 'द सीक्रेट'ची (२००६) लेखिका ऱ्होंडा बर्न ऑस्ट्रेलियन. आणि स्टेशनबाहेरच्या प्रत्येक पुस्तकाच्या गाड्यावर विटेएवढं जाड जे 'शांताराम' दिसतं, तो ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्सही तिथलाच. मेलबर्नच्या तुरुंगातून १९८० साली पळालेला हा माणूस मुंबईत येऊन झोपडपट्टीत राहिला, मराठी शिकला. कादंबरीतल्या नायकाला 'शांताराम' हे नाव देते ती आपल्या एका मराठी खेड्यातली आई. २००३ साली आलेल्या या पुस्तकाचा अपर्णा वेलणकर यांनी केलेला मराठी अनुवादही आहे. म्हणजे त्यांनी आपल्यावर लिहिलं, आपण ते वाचलंही, पण ते कुठले हे विचारायचं राहून गेलं.

असो. पिशवीकडे येतो.

मोठ्यांच्या दोन पुस्तकांपैकी पहिलं 'द रोझी प्रोजेक्ट'. लेखक ग्रॅम सिम्शन. कॉम्प्युटरवाल्यांनी इकडे लक्ष द्या! हा माणूस मूळचा डेटा मॉडेलिंगवाला. 'डेटा मॉडेलिंग इसेन्शियल्स' नावाचं त्याचं टेक्स्टबुक आहे. अशा माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर, २०१३ साली, पहिली कादंबरी काढली. नायक जेनेटिक्सचा प्रोफेसर, आठवड्याचा स्वयंपाकसुद्धा टाइमटेबल लावून करणारा. लग्न जमवायला तो सोळा पानी प्रश्नावली छापतो. पुढे काय होतं ते सांगत नाही. पण मराठी मीडियमच्या मला डिक्शनरी न उघडता ते पुस्तक वाचता आलं, आणि रात्री दोनला एकट्याने हसताना आईने उठून बघितलं, एवढं पुरे.

लहान मुलांच्यात एक होतं 'द थर्टीन स्टोरी ट्रीहाउस'. लिहिणारा अँडी ग्रिफिथ्स, चित्रं टेरी डेंटनची. झाडावर तेरा मजली घर. २०११ साली हे पुस्तक आलं. पुढच्या पुस्तकात सव्वीस मजले, मग एकोणचाळीस, असं करत करत २०२३ साली एकशे एकोणसत्तर मजल्यांवर मालिका थांबली. तेरा-तेराच्या पटीत तेरा पुस्तकं! माझ्यासारख्या सिव्हिलच्या पोराला पहिला प्रश्न काय पडावा? फाउंडेशनचं काय, आणि विंड लोड कोणी काढला! भाच्याला असले प्रश्न पडले नाहीत. त्याने फक्त विचारलं, "आपल्या आंब्यावर पण करूया?" आंबा आता आमचा राहिलेला नाही, हे त्याला सांगायचं राहिलं.

दुसरं 'सिकाडा', शॉन टॅनचं, २०१८ चं. सिकाडा म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर झाडावर बसून कर्रकर्र करणारा किडा. हा किडा एका उंच इमारतीत डेटा एंट्री करतो. सतरा वर्षं. एक चूक नाही, एक सुट्टी नाही, आणि प्रमोशनही नाही. रिटायर होताना साधा सेंड-ऑफ नाही. मग तो गच्चीवर जातो... पुढचं तुम्हीच बघा. पाच मिनिटांत संपतं. पण ज्यांची प्लेसमेंट झाली आहे त्यांनी जॉइन व्हायच्या आधी वाचावं, आणि ज्यांची झाली नाही त्यांनीही वाचावं, थोडा धीर येईल. या शॉन टॅनला मुलांच्या साहित्यातला ॲस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कार २०११ साली मिळाला. त्याच वर्षी त्याच्या 'द लॉस्ट थिंग' या पुस्तकावरच्या छोट्या फिल्मला ऑस्करही मिळालं.

उरलेली दोन एकाच बाईंची. जेनी बेकर. जन्म इंग्लंडचा, पण काम ऑस्ट्रेलियात. पहिलं 'विंडो', १९९१ चं. म्हणजे या पिशवीतलं सगळ्यात जुनं. उघडलं तर आत एक शब्द नाही. शेवटी लेखिकेची छोटी टीप तेवढी. बाकी नुसती चित्रं, आणि तीसुद्धा रंगवलेली नाहीत. पानं, माती, कापड, गवत, काड्या असलं खरंखुरं सामान चिकटवून आधी देखावा उभा करायचा आणि मग त्याचा फोटो घ्यायचा, अशी या बाईंची पद्धत. प्रत्येक चित्रात एकच खिडकी. पहिल्या चित्रात एक आई नुकत्याच जन्मलेल्या बाळाला घेऊन खिडकीत उभी आहे. बाहेर दाट झाडी, पाणी, पक्षी. पान उलटलं की बाळ मोठं होतं, आणि बाहेरची झाडी थोडी कमी होते. कच्चा रस्ता येतो. मग पक्का रस्ता, कुंपण, समोर घर, मग घरंच घरं, मग पाट्या, गाड्या, इमारती. शेवटी तो मुलगा बाप झालेला असतो. लांब नव्या घरात राहायला गेलेला असतो आणि स्वतःचं बाळ हातात घेऊन नव्या खिडकीत उभा असतो. तिथे पुन्हा झाडी दिसते, आणि तिथेही घरं होणार याची चिन्हं दिसायला लागलेली असतात.

मी ते पाच मिनिटांत चाळून बाजूला ठेवलं. 'छान आहे' म्हटलं. बस.

संध्याकाळी भाचा ते घेऊन आजीकडे गेला. माझी आजी निरक्षर आहे. अंगठेबहाद्दर म्हणतात तशी. रेशनकार्डापासून सात-बारापर्यंत सगळीकडे तिचा निळा अंगठा. घरात पुस्तक दिसलं की पाय लागू नये म्हणून ती ते उचलून वर ठेवते. तिचा आणि पुस्तकाचा संबंध एवढाच. भाच्याने ते तिच्या मांडीवर आपटलं आणि फर्मान सोडलं, "वाच."

आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "आरं बाला, यात काय लिवलंय?"

मी म्हटलं, "काही लिहिलेलं नाही आजी, नुसती चित्रं आहेत."

"मंग त मना बी वाचता येल," आजी म्हणाली.

आणि मित्रांनो, ती खरंच वाचायला लागली! पहिल्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ही बाय बालंतीन हाय. पोराला खिडकीतून पाऊस दावते." दुसऱ्या चित्राला, "ह्यांनी राबासाठी तोडलं जरासं." मग, "आता रस्ता आयला. आता टेंपो येल." आणि पुढच्याच पानात गाडी होती! मी हातातला मोबाइल ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. मी जे पुस्तक पाच मिनिटांत संपवलं होतं ते आजीने तास-दीड तास वाचलं. खिडकीच्या कट्ट्यावर काय काय ठेवलंय, मांजर कुठे बसलंय, काचेला तडा कधी गेला, पोराच्या वाढदिवसाची कार्डं... मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. पुस्तक मिटून ती म्हणाली, "ह्यो त आपलाच पाडा हाय. ह्या बायला कोनी सांगलं?"

हे ऐकून मात्र मी गार झालो. कारण आमच्या घराला एक खिडकी आहे. मागच्या खोलीतली, लाकडी गजांची, उल्हास नदीच्या बाजूची. आणि त्या खिडकीत माझी आई मला घेऊन उभी होती तो दिवस आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. २६ जुलै २००५. मी चार महिन्यांचा होतो. मुंबईचा पाऊस सगळ्या जगाला माहीत झाला, पण उल्हास नदीने त्या दिवशी बदलापुरात काय केलं ते नदीकाठच्या लोकांना विचारा. खिडकीबाहेरची भाताची खाचरं आधी दिसेनाशी झाली, मग बांध, मग पाणी खिडकीला लागलं. बाबांनी मला टोपलीत घातलं आणि शेजाऱ्यांच्या स्लॅबच्या घरावर नेलं. पाणी ओसरल्यावर त्यांनी खिडकीशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटने एक रेघ मारली. २७ जुलै २०१९ ला, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं त्या दिवशी, दुसरी रेघ आली. २०२१ च्या जुलैत तिसरी. सोळा वर्षांत तीन रेघा.

त्या रात्री मी आमच्या खिडकीची चित्रं आठवून बघितली. पहिलं चित्र आईकडून ऐकलेलं: समोर नदीपर्यंत भात, लांब वीटभट्टीचा धूर, करंज आणि उंबर. माझ्या पहिलीच्या सुमाराचं चित्र: भात तसाच, पण डाव्या कोपऱ्यात एक चार मजली बिल्डिंग, तिच्या गच्चीवर काळ्या टाक्या. पाचवीतलं चित्र: कच्च्या वाटेवर खडी. सातवीतलं: प्लॉटचे दगडी खांब आणि पांढरा चुना. बारावीतलं: पत्र्याचं कुंपण. आणि आजचं चित्र: एका सात मजली बिल्डिंगची मागची बाजू, ड्रेनेजचे पाइप, एसीची खोकी आणि वाळत घातलेल्या जीन्स. नदी दिसत नाही, पुराच्या दिवशी मात्र घरात येते. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ ला ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. आकडे मला परीक्षेपुरते माहीत होते. ते माझ्या खिडकीतून गेले हे लक्षात आलं नव्हतं.

आजी आता रोज संध्याकाळी भाच्याला ते पुस्तक वाचून दाखवायला लागली. रोजची गोष्ट थोडी वेगळी. कधी त्यात वाघ येई, कधी आजोबा. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. बाहेरची झाडी जाऊन समोर घरं उभी राहतात त्या जागी आली की आजी दोन पानं एकदम उलटायची. मला वाटलं चिकटली असतील. तसं नव्हतं. भाचाही हुशार, तो ओरडला, "हे राहिलं!" आजी म्हणाली, "ते पान नको."

बाबा दारात बसले होते. २०१७ साली आमची खिडकीसमोरची दोन खाचरं बाबांनी विकली. त्यात ताईचं लग्न झालं, घराचा पत्रा बदलला, आणि उरलेले बँकेत ठेवले ते आता माझ्या फीला आणि हॉस्टेलला जातायत. त्या सौद्याच्या कागदावर आजीचा अंगठा आहे. त्यानंतर आमच्या घरात त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. आठ वर्षं होत आली. बाबा दारातूनच म्हणाले, "वाच गं आई ते पण. त्या पानावर याचं कॉलेज आहे."

आजी काही बोलली नाही. बाबा उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने आजीने ते पान उघडलं, भाच्याला म्हणाली, "हितं तुज्या मामाची शाला बांधली." आणि पुढे वाचायला लागली.

मी काय करायला हवं होतं मला कळलं नाही. मी चहा ठेवायला गेलो.

दुसरं मोठ्यांचं पुस्तक मी हॉस्टेलला घेऊन आलो. 'द यील्ड', लेखिका तारा जून विंच. तिथल्या एका लायब्ररीने बाद केलेली प्रत, शिक्क्यासकट. २०१९ ला आलेल्या या कादंबरीला २०२० सालचं माइल्स फ्रँकलिन बक्षीस मिळालं. ते तिथलं सगळ्यात मानाचं. (२०२३ ला ते श्रीलंकेतल्या तमिळ कुटुंबांवर लिहिणाऱ्या शंकरी चंद्रन यांना मिळालं, २०२४ ला ॲलेक्सिस राइट यांना, आणि २०२५ ला सियांग लू यांच्या 'घोस्ट सिटीज'ला. चीनमधल्या बांधून रिकाम्या पडलेल्या शहरांवरून सुचलेली ही कादंबरी सिव्हिलवाल्यांनी यादीत घालून ठेवावी.)

'यील्ड' म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? यूटीएम मशीन, सळईचा तुकडा, ग्राफवरचा तो पॉइंट आणि व्हायवातला प्रश्न: "एफई ४१५ मधले ४१५ म्हणजे काय?" यील्ड स्ट्रेस, सर! शेतकऱ्याला विचाराल तर यील्ड म्हणजे एकरी उतारा. कादंबरीत एक म्हातारा आजोबा मरायच्या आधी आपल्या भाषेचा शब्दकोश लिहायला घेतो. भाषा विराजुरी, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी एका समाजाची. गोरे लोक तिथे पोचले तेव्हा त्या देशात अडीचशेहून अधिक भाषा होत्या. पुढे मुलांना आईबापांपासून तोडून मिशनमध्ये, संस्थांमध्ये ठेवलं, त्यांची भाषा बोलू दिली नाही, आणि बहुतेक भाषांचा आवाज बसला. हा आजोबा कोश उलटा लिहितो, शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे. त्याच्या अंत्यविधीला नात परदेशातून येते, आणि कळतं की घर आणि जमीन खाणीसाठी जाणार आहे. जमिनीवरचा हक्क दाखवायला काय पुरावा? आजोबाचे शब्द. इंग्रजीत यील्ड म्हणजे जमिनीकडून आपण जे घेतो ते. आजोबाच्या भाषेतला त्याचा शब्द मात्र आपण काय देतो त्याच्याबद्दलचा आहे. पुस्तकाच्या शेवटी तो पूर्ण कोश छापलेला आहे. विराजुरी ही खरी भाषा आहे, आणि स्टॅन ग्रँट सीनियर आणि जॉन रडर यांच्या खऱ्या शब्दकोशामुळे तिथे ती पुन्हा शिकवली जायला लागली.

इंग्रजी सोपं नाही. पीएलमध्ये वाचायला घेऊन मी मूर्खपणा केला, त्याची फळं निकालात दिसली. पण ते वाचल्यावर मी स्ट्रक्चर्सच्या जर्नलच्या मागच्या पानांवर आजीचे शब्द लिहायला लागलो. शनिवारी रात्री फोन करायचा आणि विचारायचं, आजी, अजून सांग. राब: भाताचं रोप टाकायची जागा भाजून तयार करतात ती. आवण: लावणीसाठी उपटलेलं रोप. उडवी: भाताच्या भाऱ्यांची रचून ठेवलेली गंजी. मुठे: खाचरातले खेकडे. वलगण: पहिल्या पावसाच्या लोंढ्याला उलटे चढून नदीतले मासे शेतात येतात ती. हा शेवटचा शब्द सांगताना आजी म्हणाली, "आता शेतच नाय त मासा येल कुटं? पार्किंगमदी?" आणि स्वतःच हसली. आतापर्यंत एकशे सहा शब्द झालेत. ज्या बदलापुरात श्याम जोशी यांच्यासारख्या माणसाने 'ग्रंथसखा' नावाचं मराठी पुस्तकांचं भांडार उभं केलं, त्याच गावात आमच्या घरातले शब्द कुठल्याही वहीत नव्हते. ते लिहून ठेवायचं मला मेलबर्नच्या बाद पुस्तकाने सुचवलं, हे सांगायला थोडी लाजच वाटते.

आता शेवटचं सांगतो, जे सांगायला मला जास्त लाज वाटते.

२०२५ च्या उन्हाळ्यात मी गावातच एका साइटवर इंटर्नशिप केली. काम नेहमीचं: क्यूब भरायचे, स्लंप कोन धुवायचा, बार बेंडिंग शेड्यूल तपासायचं, चहा सांगायचा. साइट नदीपासून फार लांब नाही. प्लिंथ उंच घ्यायचा म्हणून मुरुमाचा भराव चालला होता. मी ट्रकच्या फेऱ्या मोजत होतो. हायड्रॉलॉजीच्या सरांनी शिकवलेलं आठवत होतं: नदीची निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमच्या घरातल्या रेघांना कुठला रंग? आणि इथे भराव टाकला की इथलं पाणी कुठे जाईल? कुठेतरी जाणारच ना. मी सीनियरला विचारलं. तो चांगला माणूस होता. म्हणाला, "रिपोर्टमध्ये लिहू नको, पण प्रश्न बरोबर आहे."

तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर उभा राहून मी खाली बघितलं तर एक कौलारू घर, त्याला मागे एक खिडकी, आणि खिडकीत एक बाई लहान पोराला घेऊन आमच्या मिक्सरकडे बोट दाखवत होती. पोराला मिक्सर दाखवत असेल, दुसरं काय. पण मला एकदम वाटलं, आपण आत्ता त्या पुस्तकाच्या पानात उभे आहोत. खिडकीच्या आतले नाही, बाहेरचे. हेल्मेट घातलेला तो छोटा माणूस, तो मीच.

मी इंटर्नशिप सोडली वगैरे नाही. सर्टिफिकेट घेतलं. सिव्हिल इंजिनियरने घरं बांधायची नाहीत तर करायचं काय? लोकांना राहायला घरं लागतातच. समोरच्या बिल्डिंगमधले लोकही कुठून कुठून हप्ते भरून आलेले, तेसुद्धा २०१९ ला तळमजल्यावरून आमच्यासारखेच पळाले. पण त्यानंतर मी पिशवीतलं सहावं पुस्तक काढलं, जे तोपर्यंत नुसतंच पडून होतं. जेनी बेकर यांचंच 'बिलाँगिंग', २००४ चं. यातही एक खिडकी, शब्द नाहीत. फक्त गोष्ट उलटी. सुरुवातीला बाहेर सगळं काँक्रीट, भिंतींवर खरडलेलं, मोडक्या वस्तू. एक मुलगी मोठी होत जाते, तसे शेजारीपाजारी एकेक झाड लावतात, रस्त्याचा थोडा भाग मोकळा करतात, मुलं खेळायला लागतात, पक्षी परत येतात. शेवटी ती मुलगी झाडांची नर्सरीच काढते. तेरा वर्षांनी या बाईंनी पहिल्या पुस्तकाला दिलेलं हे उत्तर आहे असं मला वाटतं. हे पुस्तक खोटं आहे की खरं, मला ठरवता येत नाही. आमच्या नदीला ते पुरेल असंही नाही. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मी विषय दिला आहे: आमच्या पाड्यातले जुने नाले कुठून जात होते, कुठे बुजले, आणि कुठले अजून मोकळे करता येतील. माहिती देणारी मुख्य व्यक्ती म्हणून आजीचं नाव घालायचं आहे. गाइड सर म्हणाले, "क्वालिफिकेशन काय लिहिणार?" मी म्हटलं, सर, ऐंशी वर्षं साइटवर आहे.

तर मित्रांनो, तुमच्यापैकी जे ऑस्ट्रेलियाला जाणार आहेत त्यांनी खुशाल जावं, आणि येताना आम्हाला पुस्तकं आणावीत. शब्द नसलेली असली तरी चालतील. आत्ता जी आहेत ती माझ्या खोलीत आहेत. ज्याला वाचायची असतील त्याने न्यावीत, मेसवाल्या मावशींनी 'सिकाडा' आधीच नेलं आहे आणि अजून परत दिलेलं नाही. फक्त 'विंडो' नेणाऱ्याला एक अट आहे. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी परत पाहिजे. घरी आजीला लागतं.

- टी. ई. सिव्हिल